ओढ्यात पडले नाही, बसले

रवि. २६ सप्टें. ९९
मसाई पठार. सकाळच्या एस.टी.नं पन्हाळा, पुढं पायी. नर्सची नोकरी संपल्यापासून रविवार म्हणजे पोवार सरांच्या गटाबरोबर डोंगर. पठारभर बारीक फुलं, वारा पदर खोचू देईना. फार बरं वाटत होतं.
उतरताना माझ्या बरोबरीच्या विमलआक्कानं सरांच्या चालीची नक्कल केली. सर पुढं चाललेले, त्यांना पत्ता नाही. मला हसू आवरेना. हसता हसता खोकला, आणि मग...
साडीतच झालं. थांबवता आलं नाही.
मागून बाकीचे येत होते. वाटेत ओढा. मी गेले आणि पाण्यात बसले. "पडले" म्हणाले.
सर धावत आले, त्यांनी आणि मागच्या एकानं मिळून उचललं. "सिस्टर, कुठं लागलं?" मी गुडघा धरला.
एस.टी.त जागा होती तरी उभीच राहिले.

सोम. २७
सून उठायच्या आत साडी धुतली. दवाखान्यात इतकी वर्षं बायकांना सांगत आले, यात लाजायचं काय, वयानं होतं, बाळंतपणानं होतं. किती सहज सांगायची मी.
सुनेनं गुडघ्याला मलम लावलं. न दुखणाऱ्या.

गुरु. ३०
सरांचा फोन. १० तारखेला राधानगरीचं जंगल. "तुम्ही आराम करा सिस्टर. आणि ठरवलंय, साठीपुढच्या बायकांना आता न्यायचं नाही. उद्या काही झालं तर घरच्यांना काय सांगू?"
साठीपुढच्या आम्ही दोघीच, मी आणि आक्का. सर स्वतः सत्तरीचे.
मी "बरोबर आहे" म्हणाले. का म्हणाले?

रवि. ३ ऑक्टो.
आक्का आली. तिलाही कळवलंय. "मी कधी पडलो न्हाय, कुणाचा हात मागितलो न्हाय. तू पडलीस आन् माझं बंद व्हय? हे गेल्यापास्नं आठवड्यात तेवढाच एक दिस मी माणसात असतो."
मी चहा टाकला. 
जाता जाता तिचं गुडघ्याकडं लक्ष गेलं. "लई दुखतंय काय?" थोडं, म्हणाले. तिनं स्वतः तेल गरम केलं, खाली बसून चोळलं. सहासष्ट वर्षांची बाई.
मी चोळून घेतलं.

मंगळ. ५
सांगितलं. तिच्या घरी जाऊन. ती तांदूळ निवडत होती. वाटलं, हसेल, नाहीतर पाठीवरून हात फिरवील. दोन्ही नाही.
"मग सरास्नी सांगायचं तसं."
"कसं सांगू आक्का?"
"मला काय म्हाईत. परवा तुझा गुडघा चोळलो की मी."
पुन्हा तांदळात मान. बस म्हणाली नाही. दारात आल्यावर मागून आवाज, "औषध हाय काय त्याला?"
"व्यायाम असतो."
"मग कर की."

शनि. ९
दुपारी सरांना फोन केला. आधी त्यांच्या बाईंनी उचलला, मी ठेवून देणार होते. मग सर आले.
"सर, मी ओढ्यात पडले नव्हते. बसले होते."
"बसला होता? कशाला?"
"लघवी झाली होती कपड्यात. लपवायला बसले. पाय घसरला नव्हता. माझ्यामुळं आक्कांना अडवू नका."
मग "बरं बरं" आणि "बघू". सरांनी खोकून फोन ठेवला. मी भिंतीकडं तोंड करून उभी. बाईंना सांगतील. सगळ्यांना कळेल.
आक्काला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बघू कसलं? मी उद्या स्टँडवर जाणार. न्हाय म्हणाला तर माझं तिकीट मी काढतो. तू येणार न्हवं?"
आत्ता सून विचारून गेली, उद्या डब्याला भाकरी करू का. सांगते म्हणाले. ती पीठ घेऊन थांबलीय.