उसनवारीची गड्डी

५ जानेवारी, रविवार

आज माळ्यावरून आमच्या दिग्विजयी गड्डीचे विधिवत अवतरण झाले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती योगनिद्रेत होती. साठ पत्ते: राक्षस, मंत्र, शस्त्रे. कडा किंचित जीर्ण, तेज अबाधित. अगदी तिच्या स्वामीसारखे, म्हणजे माझ्यासारखे, असे मी उद्गारलो. सौ. म्हणाली, कडांपुरतं खरं आहे.

प्रयोजन: राजारामपुरीत मृणालचे अशा पत्त्यांचे दुकान आहे. तिथे १९ तारखेला जुन्या गड्ड्यांची स्पर्धा. गड्डीचा सांगाडा जुना हवा, डागडुजीस अनुमती.

ही गड्डी माझी एकट्याची नव्हे. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत मी स्टोअरकीपर, सलीम पॅटर्न-मेकर. वर्षानुवर्षे जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे एका बाजूस, उर्वरित फौंड्री दुसऱ्या. पराभव जवळजवळ अज्ञात. पुढे प्रत्येक जण आपापल्या मोबाइलसमोर ध्यानस्थ झाला आणि युद्धे थांबली.

सलीम महिनाअखेरीस नोकरी सोडून हुबळीला लेकीकडे जातो आहे. कायमचा. कँटीनबाहेरच्या मनुष्यजातीने त्याला जिंकताना एकदा तरी पाहावे, एवढीच इच्छा. पटावर तो बसणार; मी अमात्य. गड्डी अद्ययावत करण्याचे कार्य अमात्यांकडे.

७ जानेवारी, मंगळवार

मृणालकडे गेलो. वय तिशीच्या आत, शास्त्रात अधिकार मोठा. साठही पत्ते टेबलावर मांडून एकेक तपासला. मग:

"काका, ह्यात मारणारं कोणीच नाही. जिंकता कसे?"

('काका' हे संबोधन सोसले.) मी प्रसन्नपणे सांगितले, उसनवारीने. प्रतिपक्षाचा मेलेला राक्षस एका खेळीपुरता उसना मागायचा, आपल्या मंत्रांनी त्याला बळ द्यायचे, लढवायचा, परत करायचा. म्हणून स्वतःचे राक्षस नगण्य, मंत्र विपुल.

तिने विचारले, हा नियम कुठला? म्हटले, सर्वांचाच. तिने नियमपुस्तक काढले, मग फोनवर शोधले, मग पुण्याच्या कुणा मित्राला विचारले. असा नियम भूतलावर नाही.

परतताना उलगडा झाला. आमच्या कँटीनची रीत: ज्याच्या डब्यात भाजी नाही त्याने शेजाऱ्याच्या डब्यातून हक्काने घ्यावी, दुसऱ्या दिवशी आपले काही पुढे करावे. नाही म्हणायचे नाही. जेवण आणि खेळ एकाच बाकावर, म्हणून ही रीत डब्यांतून पत्त्यांत केव्हा शिरली ते कळलेच नाही. समस्त विश्वात हा धर्म पाळणारा एकच पंथ, आणि त्याचे पीठ शिरोली एमआयडीसीत.

८ जानेवारी, बुधवार

सलीमला सांगण्याच्या निर्धाराने पॅटर्न शॉपमध्ये गेलो. पंपाच्या केसिंगचा लाकडी साचा घासत होता. मान वर न करता म्हणाला, हुबळीच्या जावयाला सांगितलंय, एकोणीसला जिंकतोय, मग येतो.

साच्याची प्रशंसा करून परत आलो. अमात्यपद हे असेच असते.

११ जानेवारी, शनिवार

शल्यकर्म. मृणालच्या सल्ल्याने एक तृतीयांश गड्डी कापली. उसन्यांना पोसणारे सगळे मंत्र गेले. नवे राक्षस आले: चकचकीत, स्वयंपूर्ण, कुणाकडे काही न मागणारे. काढलेल्यांत एक 'दगडी म्हातारी' होती (नामकरण सलीमचे, मूळ नाव उच्चारण्यास जिव्हा असमर्थ). हिच्या हाती दिलेला उसना राक्षस दुप्पट लढे.

सौ.ने तिला दिव्याखाली धरून पाहिले. हिला का काढली, चांगली होती की, म्हणाली. मी नियमांचे निरूपण केले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "सलीमभावजींना विचारलं का?"

निरूपण आटोपले.

१२ जानेवारी, रविवार

सांगितले. त्याच्या घरी, खोकी बांधता बांधता. सुतारकामाच्या पटाशा वर्तमानपत्रात गुंडाळत होता. एक हातात तशीच राहिली.

"म्हंजे एवढी वर्षं आपून चुकीचं खेळलो?"

"चुकीचे नव्हे. स्थानिक."

हसला नाही. माझा विनोद सहसा त्याच्यापाशी वाया जात नाही. नवी गड्डी पुढे केली. त्याने राक्षस एकेक पाहिले, परक्या घरचे फोटो पाहावेत तसे, आणि गड्डी माझ्या खिशात परत ठेवली.

"तूच खेळ पंडित. मला न्हाय जमायचं ते."

चहा झाला. वहिनींनी हुबळीच्या घराचे वर्णन केले. दोन खोल्या, गच्ची आहे. शेजार अजून ठाऊक नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दरवर्षीप्रमाणे सलीम तिळगूळ घ्यायला आला. तो आला नसता तर मी काय केले असते, हा विचार आज दिवसभर टाळला होता.

मी न सांगताच म्हणाला, काढ ती नवी. मृणालने सरावाला दिलेली एक गड्डी मी घेतली. तो लागोपाठ जिंकत गेला. नवे राक्षस खरोखरच अमोघ. मी जयघोषाची सिद्धता केली, तर महाराज पत्ते पालथे ठेवून बसलेले.

"जिंकतोय की. पर समोरच्याकडं बघावंच लागत न्हाय हे खेळताना."

मी निदर्शनास आणले की स्पर्धेचे प्रयोजन विजय हे असते. तो म्हणाला, आधी तू काय टाकतोस ह्यावर माझा जीव असायचा. आता तू असलास काय, भिंत असली काय. वर तिळगूळ पुन्हा मागितला. मागताना सौ.कडे पाहिले, माझ्याकडे नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

नोंदणी केली. नाव सलीमचे. येईन म्हणाला नाही, येणार नाही असेही नाही. काढलेले पत्ते तेवढे मागून घेऊन गेला. कारण विचारण्याचे धैर्य अमात्यांपाशी नव्हते.

१९ जानेवारी, रविवार

आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट. दुकानाच्या जिन्यातच गड्डी मागितली, पायरीवर बसून माझे सगळे चकचकीत राक्षस वेचून बाहेर काढले, जुने मंत्र आत घातले. म्हटले, अरे, नियम त्यांचेच आहेत, उसने मिळणार नाही. मिळणार नाही हे ठाऊक आहे म्हणाला.

पहिली फेरी कबनूरच्या मान्यांशी. यंत्रमागवाले, स्वभावाने शांत. सलीम सपशेल हरला. दुसरी कुणा इंजिनिअरशी. अधिक वेगाने हरला. मी खिशातले नवे राक्षस मुठीत धरून भिंतीशी उभा. एवढा आज्ञाधारक पराभव मी प्रथमच पाहिला.

मध्यंतरात माने स्वतः उठून आले. म्हणाले, "पावणं, राग मानू नका, पर ही गड्डी चालती तरी कशी?"

सलीमने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि त्यांना उसनवारी दाखवली. मान्यांचा मेलेला वेताळ मागून घेतला, म्हातारीच्या हाती दिला, त्याच वेताळाकरवी मान्यांचे दोन राक्षस पाडले, आणि तो दोन्ही हातांनी परत केला. माने आधी चक्रावले, मग त्यांनीही सलीमचा एक मागितला. इंजिनिअर खुर्ची ओढून बसला. माने पत्ता टाकायच्या आधी सलीमच्या तोंडाकडे बघू लागले, सलीम त्यांच्या. हा चेहरा मी कँटीनमध्ये पाहत आलो आहे.

मृणालने तिसऱ्या फेरीसाठी नाव पुकारले. पुन्हा पुकारले. सलीमने हात वर करून थांब म्हणून खुणावले आणि मान्यांकडे उसने मागितले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी छताकडे. गैरहजर म्हणून बाद.

अंतिम सामना कोणी जिंकला, माहीत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

मान्यांचा फोन. आणखी दोघे शिकू पाहतात, रविवारी कबनूरला बसू या का. सलीमभाईंना आणा म्हणाले. ते परवा जात आहेत हे सांगितल्यावर म्हणाले, मग तुम्ही तरी या. पाहतो म्हटले.

३० जानेवारी, गुरुवार

अर्धी रजा. सकाळी स्टँडवर. वहिनी आणि खोकी पुढे टेम्पोने गेली, सलीम बसने.

मी जुनी गड्डी बरोबर नेली होती, त्याला द्यायला. निरोप समारंभाचे दोन शब्दही रचले होते, अनुप्रासासह. त्याने ते अर्ध्यावर तोडले. स्टँडच्या बाकावर गड्डी उघडली, म्हातारी काढली, मंत्र एकेक काढले आणि माझ्या हाती दिले. मग म्हणाला, ते तुझे चकचकीत आणलेस काय. खिशातच होते. आत घालायला लावले.

म्हटले, अरे, तुला आवडत नाहीत ना हे?

"न्हाय आवडत. पर तिथं मला उसनं कोण देणार, पंडित?"

मी म्हातारी आणि मंत्र खिशात ठेवले.

बस लागली. खिडकीतून विचारले, त्यांच्या नियमात हरल्यावर हात मिळवायचा असतो काय, तेवढं त्या पोरीला विचारून फोन कर. विचारतो म्हणालो.

परतताना दुकान वाटेतच होते. उघडेही होते. अद्याप विचारलेले नाही.