सारवलेलं सेंटर

१ जानेवारी १९५७, रिसोड
नव्या वर्षाचा संकल्प: यंदा खरा सेंटर फॉरवर्ड व्हायचं. तसा मी आहेच, पण लोकांच्या लक्षात आलं पाहिजे. मेलबर्नला आपण हॉकीचं सोनं जिंकल्यापासून जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कापूस मोजण्यात मन लागत नाही. मी पोटासाठी काटाबाबू असलो तरी मुळात खेळाडू. अमरावतीला कॉलेजच्या टीममध्ये होतो. मैदानात उतरायची वेळ आली नाही, कारण टीम माझ्याशिवायही जिंकत होती.
खरा सेंटर फॉरवर्ड म्हणजे ज्याच्याभोवती बाकीचे दहा जण असतात. हे वाक्य माझंच आहे.
उद्यापासून पहाटे पळणं.

२ जानेवारी
थंडी. पळालो नाही. गारठलेल्या स्नायूंनी पळणं धोक्याचं असतं.

४ जानेवारी
मोठी बातमी. २६ तारखेला वाशीमशी मॅच, आपल्याच मैदानावर. अकोल्याच्या एका मिलचे स्पोर्ट्सबाबू बघायला येणार. मिलच्या टीमला एक फॉरवर्ड हवा आहे. ज्याला उचलतील त्याला मिलमध्ये पक्की नोकरी.
सैफुद्दीन संध्याकाळी जिनात आला. हा आमचा लेफ्ट आउट, डाव्या कडेने पळणारा. शाळेपासूनचा दोस्त. मामाच्या बांगड्यांच्या दुकानात बसतो. अख्तरीच्या बापाने त्याला सांगून ठेवलंय, आधी पक्की नोकरी, मग निकाह. म्हणाला, "बाबू, मले बाकी काही नको. मोकया जागेत दोन बॉल दे. पुढचं मी पाहून घेतो." मी म्हणालो, दोन काय, दहा देतो. हातावर हात मारला.
बिचारा. स्पोर्ट्सबाबू सगळ्यात आधी सेंटरकडेच बघणार, हे त्याला कोण सांगणार. मला नोकरीची गरज नाही. पण अकोल्याहून कोणी आग्रहच केला तर नाही म्हणणं बरं दिसणार नाही.

७ जानेवारी
बुलीचा सराव सुरू. मॅचची सुरुवात बुलीने होते. दोन्ही सेंटर समोरासमोर, मध्ये बॉल. स्टिक आधी जमिनीला, मग समोरच्याच्या स्टिकला, असं तीनदा, आणि मग जो चपळ त्याचा बॉल. ही सेंटरची खरी परीक्षा.
जोडीदार मिळेना म्हणून घरात हिलाच उभं केलं. हिच्या हातात धुण्याची मोगरी. दर वेळी बॉल हिने नेला. म्हणते, "तुमी माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. बॉल खाली हाये."
खरं कारण वेगळं आहे. घरची जमीन सारवलेली, गुळगुळीत, आणि तिला तिची सवय. मला मैदानावरच्या भेगांची सवय.

१० जानेवारी
आपसात मॅच. बरा खेळलो. बॉल माझ्याकडे फारसा आला नाही, त्याला मी काय करणार. मागून धरमसिंग सारखा ओरडत होता. हा सेंटर हाफ, बैलगाडी हाकतो, आवाज तसाच. म्हणतो, "बाबू, तू मंधात उभा राह्यतो, मंधात खेयत नाही. बॉल गेला का मांगं येत जाय ना." मागे जाणं हे हाफ लोकांचं काम. सेंटर मागे गेला तर पुढे कोण दिसणार?
सैफुद्दीनला बॉल देणं जमलं नाही. डावीकडून ऊन डोळ्यांवर येत होतं. तो म्हणाला, "जाऊ दे. मॅचमधी दे."

१४ जानेवारी, संक्रांत
सैफुद्दीनला तिळगूळ दिला. गोड बोल म्हणालो. म्हणाला, "गोड बोलतो. तू बॉल दे."
तिळाच्या लाडवांमुळे पहाटेचं पळणं तूर्त बंद. मधल्या काळातही बंदच होतं.

१९ जानेवारी
घरातला सराव चालू आहे. सारवलेल्या जमिनीवर माझी बुली आता अप्रतिम होते. कालच हिच्याकडून एकदा बॉल घेतला. (दूध उतू जात होतं, तिचं लक्ष तिकडे होतं. तरी घेतला तो घेतलाच.)
मग विचार आला. दोष माझ्यात नाही, जमिनीत आहे. आमच्या काळ्या मातीला थंडीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे बुली करायची म्हणजे बॉल भुईत पेरायचा. खळं सारवतात, अंगण सारवतात, मग सेंटर का नाही? आता आपण मुंबई राज्यात आहोत. मैदानही त्या दर्जाचं हवं.
हिला सांगितलं. म्हणाली, "अंगनाले येक डाव पानी आनून देल्लं नाही, अन् मैदान सारवाले निंघाले."

२५ जानेवारी
आज मैदानाचं सेंटर सारवून घेतलं. खरं तर आधीच घ्यायचं होतं, पण म्हटलं ताजं बरं. जिनाचं आवार सारवणाऱ्या कमलीबाईला नेलं. शेण, पांढरी माती, सगळं रीतसर. ती आभाळाकडे बघून म्हणाली, "बाबू, ढग आले. हे उद्यापर्यंत वायत नाही." बायकांना प्रत्येक गोष्टीत अडचण दिसते. पहिला हात पातळ वाटला म्हणून दुसरा द्यायला लावला. ती म्हणाली, "देतो. मले काय, मले थोडंच खेयाचं हाये."
हिने पांढरी हाफपँट कडक इस्त्री करून ठेवली आहे. उद्या.

२६ जानेवारी, संध्याकाळ
हरलो. एका गोलने.
हवामानाने घात केला. सारवण वाळलं नव्हतं. वाशीमचा सेंटर दौलतसिंग बुलीला आला, खाली बघितलं, नाक आक्रसलं आणि पाय मागे घेऊन रोवले. तिसऱ्या टोल्याला माझी स्टिक सारवणाच्या त्या दुसऱ्या हातात रुतली आणि मी बसलो. पूर्ण बसलो. झेंडावंदनाला आलेलं सगळं गाव तिथेच थांबलं होतं.
मी उठेपर्यंत गोल झालेला. आणि तोही दौलतसिंगने केला नाहीच. गोलसमोरच्या सर्कलपर्यंत नेऊन बॉल उजवीकडच्या आपल्या राइट इनला देऊन टाकला आणि स्वतः मागे पळाला. असा कुठे सेंटर असतो?
त्यानंतर हाफपँटच्या त्या अवस्थेत मला एक तरी गोल करणं भाग होतं. म्हणून बॉल मी कोणाला दिला नाही. शेवटी शेवटी चांगली संधी आली. गोलकीपर माझ्या अंगावर धावून आला होता. डावीकडे सैफुद्दीन एकटा, समोर रिकामा गोल, असं लोक म्हणतात. त्याने हाक मारली, असंही म्हणतात. गलका फार होता. मला ऐकू आलं नाही. मी मारलेला बॉल कीपरच्या पॅडला लागला.
चहाच्या वेळी मी स्पोर्ट्सबाबूंना भेटलो. त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि विचारलं, "तुमचा लेफ्ट आउट आजारी होता का? तुम्ही दहाच जण खेळलात."
सैफुद्दीन माझ्या मागेच उभा होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हो साहेब. त्याले ताप होता."
त्यांनी वाशीमचा राइट इन उचलला.

२७ जानेवारी
काल ऐकू आलं नाही असं लिहिलं. ऐकू आलं होतं. "बाबू" म्हणाला होता. एकदाच.

२८ जानेवारी
कामावर गेलो. कमलीबाई आवारात होती. पाटी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात सारवायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.
सैफुद्दीनकडे जाऊन स्पष्ट बोलायचं ठरवलं. संध्याकाळी त्याच्या गल्लीपर्यंत गेलो. दुकानात गिऱ्हाईक असेल म्हणून परत आलो.

२९ जानेवारी
पुन्हा गेलो. दुकान रिकामं होतं. एकट्याला गाठणं बरं नाही म्हणून परत आलो.

३० जानेवारी
ही बांगड्या भरायला गेली होती. मी विचारलं, सैफुद्दीन काय म्हणाला. म्हणाली, नेहमीसारखाच होता. थट्टामस्करी केली, हात दुखू दिला नाही, हिच्या आईची तब्येत विचारली. मी म्हटलं, माझं काही? हिने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "तुमचं नाव नाही काढलं त्यानं."
अख्तरीचा बाप हिंगोलीला स्थळ बघायला गेलाय, हेही हिनेच सांगितलं. बांगड्या हिरव्या आहेत. जेवताना वाजत होत्या.

३ फेब्रुवारी, रविवार
आज प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी गेलो. ठरवून गेलो होतो, आज गोलकडे बघायचंच नाही. प्रत्येक बॉल डावीकडे. बॉल गेला तर मागे यायचं. सेंटर म्हणजे काय ते आता पुन्हा लिहीत नाही.
धरमसिंग गाडी सोडून बांधावर बसला होता. बाकीचे आले नाहीत. सैफुद्दीनचं विचारलं. म्हणाला, "तो शेलूबाजारले गेला, बांगड्या घेऊन. स्टिक भाच्याले देऊन टाकली त्यानं."
सेंटरचं सारवण आता खडखडीत वाळलंय. फरशीसारखं झालंय. एक भेग नाही. त्यावर बॉल ठेवला आणि डावीकडे मारला. जन्मात एवढा सरळ पास मी दिला नव्हता. लेफ्ट आउट जिथे उभा राहतो, नेमका तिथून गेला.
धरमसिंग म्हणाला, "हा चांगला होता, बाबू."
बॉल रेषा ओलांडून पलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरला. आणायला मीच गेलो.