चिलखताचा डावा खांदा

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेजारच्या ड्रायव्हरकाकांबरोबर खोकं पाठवलं आहे. आत ठकूचं चिलखत आहे. शाळेच्या नाटकात ती सेनापती होणार होती, हे तिनेच तुला फोनवर सांगितलं होतं. नाटक परवा झालं. तिच्या जागी दुसरी मुलगी होती. आम्ही गेलो नाही.

हिने चिलखत खुर्चीला चढवलं होतं आणि जेवताना त्या खुर्चीसमोर ताट ठेवायची. कामावरून घरी यायला माझा पाय उचलेना. शेवटी हीच म्हणाली, थोडे दिवस ताईंकडे राहू दे, पण जसंच्या तसं परत यायला हवं. मी कबूल केलं.

तसं त्यात काही नाही. छाती तेलाच्या कॅनची, पाठ फिनेलच्या कॅनची, शिरस्त्राण फुटक्या बादलीचं. खांदे पातळ प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून केले. पाठीवरची ‘वापरण्यापूर्वी हलवा’ ही अक्षरं काही निघेनात. ठकू म्हणाली, असू दे बाबा, शत्रू मागून आला तर वाचत बसेल.

खांदे तिच्याच खांद्यांवर टॉवेल टाकून, दाबून बसवले. गुदगुल्या होतात म्हणून ती हलली आणि डावा जरा वाकडा आला. मी रागावलो होतो.

सर्वांना नमस्कार. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


११ ऑगस्ट

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. अक्षरं वाचून मी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. आमची बोलकी पोर.

आता जे लिहिते आहे ते वहिनीला लगेच दाखवू नकोस. नात रांगते आहे, सापडेल ते तोंडात घालते. फिनेलचा वास होता, आणि खरं सांगू, तापाने गेलेल्या पोरीची वस्तू म्हणून मला धास्ती वाटली. स्वतःच्या भाचीची धास्ती! सगळी नोकरी वॉर्डात नर्स म्हणून गेली, हात आपोआप पातेल्याकडे जातात. सगळं कडकडीत पाण्यात बुडवून ठेवलं. छाती-पाठीला काही झालं नाही. खांदे मात्र आकसले, सपाट झाले. पाण्यातच हाताने वळवून पाहिले, बोटं भाजली. जमेना. खोकं ड्रायव्हरकाकांबरोबरच परत पाठवते आहे.

मला बोल, पण गप्प बसू नकोस. तू लहानपणीही गप्प बसलास की मला जेवण जायचं नाही.

जेवत जा रे दोघं. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
ताई


१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकं परत मिळालं. बोटांना मलम लाव. तुझ्यावर राग नाही. मीही खांदे गरम पाण्यानेच वळवले होते. तुला लिहायला हवं होतं, सुचलं नाही.

हिच्यापासून लपवणं जमलं नाही. खोकं हिनेच उघडलं. खांदे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. रडली नाही. मग म्हणाली, तुम्ही पुन्हा करा, तुम्हाला येतं ना.

काल रविवार होता. नवीन बाटली कापली, पाणी तापवलं, प्लॅस्टिक मऊ झालं. ते चिमट्यात धरून उभा राहिलो आणि कळलं की दाबायचं कशावर ते माहीत नाही. हाताने मापून पाहिलं. एवढा होता का, की एवढा? हिला विचारलं, हिलाही सांगता येईना. रोज अंघोळ घालायची, ताई, तरी सांगता येईना. तेवढ्यात प्लॅस्टिक गार होऊन कडक झालं. पुन्हा बुडवलं. तेव्हा हिने खुर्ची पुढे ओढली, टॉवेल आपल्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, दाबा.

मी दाबलं. ही अजिबात हलली नाही.

तो खांदा मोठाच झाला. छातीला जोडताच येत नाही. ही म्हणते जोडा, मी जोडलेला नाही.

बाकी ठीक. तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही. आमच्यावर लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
भाऊ