साडेतेवीस अंश, माझ्या अखत्यारीत

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
निवृत्त होऊन आज चार महिने झाले. या चार महिन्यांत घरात माझं नेमकं काम काय, हे कुणीच ठरवलेलं नाही. आजपासून मी ठरवलं. घराचं तापमान हे खातं माझ्याकडे.

कारण असं. चिरंजीव आणि सूनबाई काल भाड्याचा फ्लॅट बघून आले. दुसऱ्यांदा. सूनबाईचं म्हणणं, या घरात थंडीत गारठा आणि उन्हाळ्यात भट्टी, सहा महिन्यांच्या बाळाला सोसत नाही. तिकडे म्हणे हीटिंग-कूलिंग आधीपासून बसवलेलं आहे. मी विचारलं, आजोबापण बसवलेले आहेत का? कुणी हसलं नाही.

ते बाळ म्हणजे आमची नात चिमी. ती तिकडे गेली तर मी सकाळी सहाला उठून करायचं काय? तेव्हा ठरलं. मशीन आपल्याच घरात आणायचं. मग बघू कोण जातंय ते.

९ नोव्हेंबर
पॅकेज युनिट घ्यायचं पक्कं. गरम आणि गार दोन्ही एकाच मोठ्या पेटीत. पेटी गच्चीवर. तिथून दोन जाड डक्ट घरात, एकातून हवा येणार, दुसऱ्यातून परत जाणार. विषय अगदी सोपा. मॅन्युअल ९६ पानी आहे. चार पानं वाचून झाली. पुढचा अंदाज आला.

संकल्प: देखभाल स्वतः करायची. एकतीस वर्षं ऑफिसची आस्थापना शाखा सांभाळली. दीडशे माणसं. मी तिथे तक्रारपेटी बसवली होती, आणि माझ्या कारकिर्दीत एकाही तक्रारीची नोंद नाही. त्यापुढे हे एक मशीन काय!

१८ नोव्हेंबर
युनिट आलं. क्रेननं गच्चीवर चढवलं. अख्खी गल्ली बघायला जमली होती. मी खालून हातवारे करून दिशा देत होतो. क्रेनवाला माझ्याकडे बघत नव्हता, पण उपयोग झाला असणार, कारण युनिट बरोबर जागेवर उतरलं.

मिस्त्री वयस्कर आहेत. बोलणं कमी. अशा माणसाला बोलणाऱ्याची सोबत लागते. दिवसभर त्यांच्याजवळ बसून सूचना दिल्या. संध्याकाळी त्यांनी कानात कापूस घातलेला दिसला. गच्चीवर वारा फार.

१९ नोव्हेंबर
मिस्त्री गेल्यावर कामाची तपासणी केली. एक गंभीर चूक सापडली. युनिटमधलं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपला त्यांनी खाली एक वाकडा तुकडा जोडलाय, इंग्रजी यू असतो तसा. सरळ जाणाऱ्या पाण्याला हा वळसा कशाला? करवत आणली, वळण कापून टाकलं, पाइप सरळ केला. घरात बोललो नाही. केलेलं काम बोलून दाखवायची मला सवय नाही.

२० नोव्हेंबर
सुरू! ऊबदार हवा. चिमी स्वेटरशिवाय हातपाय पसरून झोपली. सूनबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसली होती. फ्लॅटचं काय झालं, असं मी सहज विचारलं. चिरंजीव म्हणाला, बघू. काल हाच माणूस 'ठरवू' म्हणत होता. मोठा फरक आहे.

हॉलच्या भिंतीवर कंट्रोलची पेटी लागली. नियम क्रमांक एक: तिला फक्त मी हात लावणार.

२३ नोव्हेंबर
६.०० वाजता २२ ठेवलं.
६.२० आमच्या हिचे पाय गार पडले. २५.
६.३५ चिरंजीव म्हणतो उकडतंय. २१.
६.५० पुन्हा पाय. २४. त्यातून सुवर्णमध्य म्हणून २३.
७.१० मला स्वतःला घाम. हीटिंग बंद, कूलिंग चालू.
७.१४ कूलिंग बंद, हीटिंग चालू.
लोकशाही पद्धतीनं कारभार करायचा तर एवढं करावंच लागतं. रात्रीपर्यंत एकूण एकतीस बदल. गच्चीवरून दोनदा 'धड' असा आवाज आला. मांजर असेल.

२ डिसेंबर
फिल्टर काढून डिटर्जंटमध्ये भिजवला, ब्रशनं खसाखसा घासला. कागदी निघाला. बादलीत लगदा. काय हा निकृष्ट माल! कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं. (उद्या.)

तोवर फिल्टरच्या जागी हिची जुनी ओढणी ताणून बसवली. हवा छान गाळून येते. फार कमी येते, पण छान येते.

६ डिसेंबर
मशीन बंद पडलं. काल संध्याकाळपासून घर बर्फ. चिमीचं नाक वाहतंय. रात्री तिचा घर्रघर्र श्वास ऐकत मी पाळण्याशेजारी बसून होतो. खूप भीती वाटली.

मिस्त्री सकाळी आले. गरम-गार, गरम-गार करून कॉम्प्रेसरचा जीव घेतलाय कुणीतरी, असं म्हणाले. मी सगळ्यांकडे रोखून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

दुपारी
मशीन दुरुस्त. नंतर मिस्त्री आणि सूनबाई स्वयंपाकघरात वीसेक मिनिटं बोलत होते. मी आत गेलो की दोघं चहाविषयी बोलायचे.

मग आनंदाची बातमी. मिस्त्री म्हणाले, काका, तुमचा हात जरा वरच्या दर्जाचा आहे, तुम्हाला हा साधा कंट्रोल पुरणार नाही. बॅगेतून त्यांनी नवा काढला. पांढराशुभ्र, अर्ध्या-अर्ध्या अंशानं बदलणारा, बटण दाबलं की टिक्क वाजणारा. तो भिंतीवर लावला आणि जुना काढून पॅसेजमधल्या चादरींच्या कपाटात घेऊन गेले. तिथे तासभर ड्रिल चालू होतं. वायरिंग तिकडूनच जातं म्हणे. माणूस कामाचा आहे, उगाच नावं ठेवली.

११ डिसेंबर
नव्या कंट्रोलचा गुण लगेच दिसला. मशीनचा एकही झटका नाही. दिवसात चाळीस वेळा बदललं तरी हूं की चूं करत नाही. घरातल्या कुरबुरी बंद. आता तर सगळे येऊन मला विनंती करतात. ही सकाळी म्हणाली, अहो, जरा वाढवता का? आजपर्यंत हिनं मला एवढ्या गोडीनं फक्त वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितलं होतं.

पॅसेजमधलं कपाट उघडताना फार करकरतं. बिजागरी कोरडी पडलीय. तेल घालायचं. (उद्या.)

२६ जानेवारी
तापमानाची वही सुरू केली. आदर्श आकडा सापडला: साडेतेवीस. चिमी रांगते. तिला कंट्रोलपाशी उचलून घेतो आणि तिच्या बोटानं एकदा टिक्क करू देतो. पुढे तिलाच सांभाळायचंय.

आज चिरंजीवाला सर्दीसारखं वाटत होतं म्हणून पंचवीस केलं. तो म्हणाला, वा बाबा, लगेच फरक पडला. त्याच वेळी सूनबाई चादर आणायला गेली होती. कपाट करकरलं. तेलाचं विसरलो.

५ मार्च
फ्लॅटचा विषय दोन महिन्यांत निघालेला नाही. श्रेय कुणाचं, ते मी बोलणार नाही. हिला फक्त दोनदा बोललो.

१७ एप्रिल
ऊन वाढलं. कूलिंग चालू केलं. या घरात चादरी फार लागतात. मी आकडा कमी केला की पाच मिनिटांत कुणीतरी चादर आणायला जातंच. म्हणजे माझं कूलिंग जोरदार आहे.

२० एप्रिल
हॉलच्या छतातून पाणी. थेट माझ्या खुर्चीवर, आणि मी खुर्चीत. प्लास्टर फुगलं आणि त्याचा एक पोपडा चिमीच्या खेळण्यांत पडला. ती तिथे नव्हती. नव्हती म्हणून ठीक.

मशीन बंद ठेवलंय. घर तापलंय. चिमीच्या पाठीवर पुरळ उठलं. सूनबाईनं बॅग भरली. संध्याकाळी चिरंजीव फ्लॅटची चावी घेऊन आला. दोन दिवस बघायला दिलीय म्हणे. टेबलावर ठेवली. जेवताना सगळे ती चावी सोडून इतर सगळीकडे बघत होते.

२१ एप्रिल
मिस्त्री गच्चीवरून खाली आले ते सरळ पाइपचा तुकडा हातात घेऊनच. त्या वळणात पाणी साठून राहतं म्हणे, म्हणून बाहेरची हवा आत ओढली जात नाही आणि पाणी मुकाट खाली जातं. वळण नसलं की पाणी आतच तुंबतं. हे कुणी कापलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मांजर असेल. मिस्त्री माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काका, मांजराला सांगा, भिंतीवरच्या पेटीशी पाहिजे तेवढं खेळ, पण गच्चीवर येऊ नकोस.

हा मॅन्युअलचा दोष आहे. पान सत्तेचाळीसवर लिहिलंय. इतकी महत्त्वाची गोष्ट सत्तेचाळिसाव्या पानावर?

२३ एप्रिल
घर गार. पुरळ बसलं. चिरंजीवानं चावी परत केली. मी गॅलरीत जाऊन जरा वेळ उभा राहिलो. डोळ्यांत धूळ गेली होती.

गच्चीच्या दाराची किल्ली सापडत नाही. हिला विचारलं. तीही शोधतेय म्हणाली, जागेवरून न उठता.

३० मे
साडू आले होते. त्यांच्या घरी तीन एसी, तीन रिमोट, आणि त्यावरून रोज तीन भांडणं. मी त्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. टिक्क टिक्क करत आकडा अठरावर आणला. दोन मिनिटांत त्यांनी हात चोळायला सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला शाल मागितली. दहाव्या मिनिटाला शिंकले! ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होती. तिलाही गार वाटत असणार.

साडूंना तसाच कंट्रोल हवाय. त्यांच्या बायकोनं मिस्त्रींचा नंबर आमच्या हिच्याकडून घेतला. फार घाईघाईनं घेतला.

२ सप्टेंबर
चिमी चालते! हॉलभर चालली आणि कंट्रोलखाली येऊन हात वर केले. सूनबाई सहज म्हणाली, आता कुठे जायचं नाही बाबा, हिचे आजोबा इथेच आहेत. मी तापमानाच्या वहीत ते तारखेसकट लिहून ठेवलं. शेरा: साडेतेवीस.

कपाटाच्या बिजागरीला तेल. (या आठवड्यात नक्की.)

१४ नोव्हेंबर, दुपारी
वर्षाची सर्व्हिस. मोठे मिस्त्री रजेवर, म्हणून दुसरेच आले. घरात मी एकटा. बाकी सगळे चिमीला लस द्यायला गेलेत.

त्यांनी गच्चीवरचं काम उरकलं (किल्ली हिनं त्यांच्यासाठी काढून ठेवली होती, म्हणजे सापडली) आणि कंट्रोल दाखवा म्हणाले. मी वहीसकट दाखवला. आकडे पुसट दिसतात, तेवढं बघा म्हटलं. त्यांनी दोन स्क्रू काढले. पेटी अलगद त्यांच्या हातात आली. मागे भिंत. वायरीचं जुनं भोकसुद्धा लिंपून टाकलेलं.

ते म्हणाले, काका, याला वायरच नाही. मी म्हटलं, वायरलेस असेल. ते म्हणाले, वायरलेसच्या पोटातपण काहीतरी लागतं. आत दोन बॅटऱ्या, आकड्यांची काच आणि टिक्क वाजणारी एक पत्ती.

मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते गोरेमोरे झाले. म्हणाले, मोठे मिस्त्री बॅगेत अशा दोन-तीन पेट्या ठेवतातच. प्रत्येक घरात एक जण असतो. मनाला लावून घेऊ नका. एवढं बोलून ते खरा कंट्रोल शोधायला पॅसेजमध्ये गेले. कपाट उघडलं. करकर.

चादरींच्या मागे जुना कंट्रोल. आकडा चोवीस.

मी मिस्त्रींना म्हटलं, ही पेटी होती तशी लावून द्या. आणि घरात सांगू नका.

संध्याकाळी ५.००
वाईट वाटलं. वहीशी खोटं कशाला बोलू? अकरा महिने. चाळीस-चाळीस वेळा. चिमीचं बोट धरून.

ऑफिसातली तक्रारपेटी आठवली. तिची किल्ली पहिल्याच वर्षी माझ्या हातून हरवली होती. हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही. तीस वर्षं लोक आत चिठ्ठ्या टाकत होते. टाकून जाताना त्यांचे चेहरे जरा हलके दिसायचे. ते बघून मला वाटायचं, शाखा उत्तम चालली आहे.

चिमी दंडावर पट्टी लावून परत आली. रडून रडून नाक लाल. मला बघून दोन्ही हात वर केले.

१५ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
पेटीत नव्या बॅटऱ्या घातल्या. आकडा स्वच्छ दिसतो. साडेतेवीस.

सूनबाई चिमीला कडेवर घेऊन आली. म्हणाली, बाबा, रात्रभर कणकण होती हिला, जरा वाढवता का? चिमीचं बोट धरलं. टिक्क, टिक्क. साडेचोवीस. मग सूनबाई म्हणाली, मी एक चादर घेऊन येते.

कपाट करकरलं नाही. पहाटेच बिजागरीला तेल घातलं होतं.