अर्धा सेकंद

सर, परवा मला तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून करायचं काय, पण आला खरा. सिन्नरच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवते, तिथून मला नाशिकला पंचांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. शिकवणारा माझ्याहून बराच लहान. तो म्हणाला, "शंभर मीटरला आपण शेवटच्या रेषेवर उभे असतो. बंदुकीचा धूर दिसला की बटण दाबायचं. आवाज पोचायला वेळ लागतो; त्याची वाट बघत बसलात तर घड्याळ उशिरा सुरू होईल आणि वेळ कमी दिसेल." मी विचारलं, "किती कमी?" "तीन दशांश सेकंद, मॅडम." बाकीच्यांनी ते लिहून घेतलं. माझं पेन तसंच हातात राहिलं.

कारण मला तुम्ही दिसलात. सकाळचं मैदान, पलीकडच्या टोकाला कुणीतरी बंदुकीऐवजी लाकडी फळ्या आपटतंय, आणि इकडे शेवटच्या रेषेवर तुम्ही हातात घड्याळ धरून, मान खाली घालून, डोळे मिटून उभे. "डोळे फसवतात गं, माझा कान पक्का आहे," असं म्हणायचात. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! पेठच्या डोंगरातून तुम्ही मला आणलंत, घरी ठेवून घेतलंत. बाई माझ्यासाठी नागलीच्या भाकरी थापायला शिकल्या. धावायचे पहिले बूट, स्पाइक्स, तुम्हीच दिलेत, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेले. तुमच्या घड्याळावर मी अकरा पूर्णांक नऊ धावले, तेव्हा तुम्ही मैदानातच पेढे वाटलेत. पुढे राज्य स्पर्धेत मला सुवर्णपदक मिळालं, पण तिथल्या पंचांच्या घड्याळात बारा पूर्णांक दोन. तुम्ही म्हणालात, ट्रॅक ओला होता. जिल्ह्याला वारा समोरून होता, विभागाला माझी झोप झाली नव्हती. मी जिंकत होते, म्हणून कुणी खोलात गेलं नाही.

मग राष्ट्रीय स्पर्धा. तिथं वेळ यंत्र मोजतं, माणसाचा अंगठा नाही. बारा पूर्णांक एकोणचाळीस. पहिल्याच फेरीत बाहेर. परतीच्या गाडीत इगतपुरी येईपर्यंत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. मग म्हणालात, "घाबरलीस."

"मी नाय भ्याले, सर."

"मग अर्धा सेकंद गेला कुठं?"

तो अर्धा सेकंद मी दोन वर्षं शोधला. सुरुवात बदलली, तुम्ही नको म्हणत असताना भर दुपारी पळाले, आणि एका सकाळी मांडीचा मागचा स्नायू फाटला. मी मैदानात बसले ती बसलेच. गावात म्हणाले, पोरगी मोठ्या ठिकाणी भ्याली. हळूहळू मीही तेच मानायला लागले.

परवा वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. तीन दशांश आवाजाचे. आणखी दोनेक अंगठ्याचे. यंत्रापेक्षा माणूस तेवढी वेळ कमी धरतोच, हेही त्या पोरानं सांगितलं. झाला अर्धा सेकंद. तो कुठेच गेला नव्हता सर, तो कधी नव्हताच. बारा एकोणचाळीस ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली धाव होती. ती धावून मी तुमच्याकडे आले, आणि तुम्ही तोंड फिरवलंत. मी भित्री नव्हते. पण तुम्ही सांगायचात तेवढी वेगवानही नव्हते. या दोन्हींचं आता, या वयात, मी काय करू? पुन्हा धावता येत नाही आणि तुमच्याशी भांडताही येत नाही.

हे पत्र बाईंना नेऊन द्यावं असं मनात होतं. त्या नाशिक रोडला एकट्याच असतात, तुमचं ते घड्याळ अजून रोज पुसतात. नाही देणार. काल शाळेच्या फलकावर माझ्या नावापुढे लिहायला मुख्याध्यापकांनी माझी सर्वोत्तम वेळ विचारली. खरी वेळ मला पाठ होती. मी अकरा पूर्णांक नऊ सांगितली.