बाविसावर अडलेली दाढ

तीर्थस्वरूप मावशीस,

हातमोजे काढून, दोनदा हात धुऊन घातलेला साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतायत? काकांचा खोकला? माझं एकदम झकास. तुरुंगातला दातांचा दवाखाना सांभाळण्यासारखं सुख नाही गं! पेशंट वेळेवर येतात (आणलेच जातात), आणि 'अचानक बाहेरगावी जावं लागलं' म्हणून कुणी दांडी मारत नाही.

कटकट एकच, मोजणी. हत्यारं तेवीसच्या तेवीस भरली तरच बाहेरचा शिपाई दाराचं कुलूप काढतो. मंगळवारी खुर्चीत खुद्द मोठे साहेब, म्हणजे या तुरुंगाचे प्रमुख. दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी ट्रे मोजला. बावीस! तोंडात बघायचा, लांब दांडीचा छोटा आरसा गायब. हत्यार हरवलं की काम तिथल्या तिथे थांबवायचं, असा नियम. थांबवलं. साहेबांनी दाराच्या झरोक्यातून शिपायाला फर्मावलं, पण अर्ध्या तोंडातून हुकूम कसला निघतोय, नुसती लाळ. मग मी सांगितलं. तर तो पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, "कोणीही सांगितलं तरी उघडायचं नाही, अगदी मी सांगितलं तरी, असं साहेबांनीच लिहून दिलंय." घ्या!

मग झडती. ती घ्यायची कोणी? पुढच्या नंबरला बसलेला कैदी (बारा घरफोड्या, वागायला अतिशय नम्र) म्हणाला, "मॅडम, मी घेऊ? सवय आहे." त्याने डॉक्टरांचे खिसे इतक्या सफाईने रिकामे केले की त्यांना पत्ताच नाही, लागला तेव्हा असे खवळले की विचारू नकोस. दोन तास गेले. इंजेक्शन उतरलं, साहेब गाल धरून कळवळायला लागले, आणि मी टेबलाखाली रांगतेय. तेवढ्यात तो घरफोड्या कानाशी येऊन पुटपुटला, "मॅडम, तुमच्या अंबाड्यात काय चमकतंय?" पेन्सिल खोचायची सवय, मावशी! त्याने आरसा अलगद काढला आणि आरोळी ठोकली, "सापडला! खुर्चीच्या फटीत होता!" चोराच्या पाया पडावंसं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

खवळलेले डॉक्टर काही पुन्हा दाढेला हात लावेनात. साहेब जाताना एवढंच म्हणाले (आता अगदी स्पष्ट), शनिवारी दाढ निघाली नाही तर दवाखाना बंद. यादीत बेचाळीस जण आहेत गं. एक म्हातारा तीन महिने एकाच बाजूने चावतोय, रोज दारातून जाताना माझ्याकडे बघतो. माझा जीव तुटतो.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी.

तुझी लाडकी भाची

ता. क. : डॉक्टर त्याच संध्याकाळी नोकरी सोडून गेले.

ता. क. २ : तुला निवृत्त होऊन जेमतेम दोन महिने झालेत. दाढा उपटायचा पस्तीस वर्षांचा हात असा घरी बसून गंजवायचा का? शनिवारी सकाळी नऊ वाजता ये. फाटकावर तुझं नाव दिलंय, साहेबांनाही सांगून टाकलंय.

ता. क. ३ : तू नाही म्हणशील म्हणून आधी काकांना फोन करून विचारलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. तुला आत किती दिवस ठेवतील, असं मात्र दोनदा विचारलं.