ओल्ड, एल्डरली आणि माझं घर

मी, खाली अंगठा उठवणारी, या घराची मालकीण, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता आणि दुपारची झोप मोडून हे मृत्युपत्र सांगते आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. वकीलबाई लिहीत आहेत. मी बोलते तसंच लिहायचं, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. "आजी, मी दातांचा डॉक्टर," असं ते म्हणत होते. मी म्हटलं, "डोकं काय लांब आहे का तिथून?"

पहिलं कलम इस्त्रीचं. तळमजल्यावर मी जन्मभर इस्त्रीचं दुकान चालवलं. कोळशाची जड इस्त्री थोरल्या मुलास द्यावी. त्याच्या शर्टाची घडी आजवर कधी मोडली नाही आणि ती त्याने स्वतः कधी घातलीही नाही. निदान एकदा उचलून बघावी. इस्त्रीचं टेबल धाकट्याचं. तान्हा असताना तो कपड्यांच्या ढिगाशेजारी त्याच टेबलावर झोपायचा, आणि गिऱ्हाइकाच्या कोटावर काय काय करायचा ते वकीलबाई लिहीत नाहीत. बरं, राहू द्या.

दुसरं कलम, बँकेतली ठेव. दोघा मुलांनी निम्मी निम्मी घ्यावी. जो या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टाची पायरी चढेल, त्याचा वाटा दुसऱ्याला जाईल. आता दोघं एकमेकांवर नीट लक्ष ठेवतील.

तिसरं कलम घराचं, आणि त्याचं कारण लिहून ठेवणं भाग आहे. नाहीतर माझ्यामागे म्हणतील, म्हातारीला नातीने फितवलं.

धाकट्याची मुलगी, जिला आम्ही खारूताई म्हणतो, माझ्याकडे वरच्या खोलीत राहते. ती इंग्रजी शब्दांचा अभ्यास करते. वर्तमानपत्रं, पुस्तकं, माणसांचं बोलणं अशी ढीगभर वाक्यं तिने कॉम्प्युटरमध्ये साठवली आहेत. एक शब्द विचारला की तो असलेल्या सगळ्या ओळी समोर येतात, शब्द बरोबर मधोमध. मग ही दोन्हीकडचे शेजारी बघत बसते. सारख्याच अर्थाचे दोन शब्द घ्यायचे आणि कोण कुणाच्या संगतीत फिरतो ते शोधायचं, हा तिचा उद्योग. थोरला याला रिकामपण म्हणतो. मला त्यात नवल वाटलं नाही. दुकानात मीही तेच केलं. पोस्टमास्तरांचा सदरा शाळेतल्या बाईंच्या गाठोड्यात आला, तेव्हा त्यांचं जमल्याचं त्यांच्या घरच्यांआधी मला कळलं होतं.

गेल्या महिन्यात ती 'ओल्ड' आणि 'एल्डरली' घेऊन बसली होती. मी विचारलं, "दोन्ही म्हणजे म्हातारंच ना ग?"

"हो, पण ओल्डचे शेजारी बघ, आजी. मित्र, जोडे, घर, दिवस. सगळीकडे मिसळतो. एल्डरली बहुतेक माणसांनाच लावतात, आणि त्याच्या आजूबाजूला आजार, पडणं, देखभाल, होम."

"होम म्हणजे घर, एवढं कळतं मला."

"हे तसलं नाही ग. जिथे नेऊन ठेवतात ते. एल्डरली जरा सभ्य शब्द आहे, एवढंच."

"म्हणजे ओल्डला इस्त्री मारली की एल्डरली."

खारूताई हसली आणि हे वहीत लिहू का म्हणाली. खुशाल लिही म्हटलं.

पुढच्याच रविवारी दोन्ही मुलं जेवायला आली. मला कळू नये असं काही असलं की दोघं शाळेत असल्यापासून इंग्रजीत बोलतात. इंग्रजी सुरू झालं की विषय मी आहे, एवढं मला पक्कं ठाऊक. आजवर त्यात ओल्ड ऐकू यायचं. मी मनावर घेत नसे. त्या दिवशी थोरला एल्डरली म्हणाला. मग धाकटाही एल्डरली म्हणाला. मी वाढता वाढता थांबले.

"कुठल्या होममध्ये टाकताय मला?"

धाकट्याला असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं. थोरला म्हणाला, "आई, तुला कुणी सांगितलं?"

"तूच. आत्ता."

"अग, टाकणं कसलं! बाग आहे तिथे. नर्स आहे. हे घर विकलं की सगळा खर्च आरामात भागतो."

"एवढं छान आहे तर तूच जा. मी येईन तुला भेटायला, फळं घेऊन."

खारूताईचा चेहरा पांढरा पडला होता. तिला खोली रिकामी करायला आधीच सांगून झालं होतं, आणि मला त्रास नको म्हणून पोरीने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. रात्री उलट मलाच दटावलं, "आजी, एका वाक्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. अभ्यासात चालत नाही हे." मी म्हटलं, "तुझ्या अभ्यासात नसेल. माझ्या घरात चालतं."

सबब, हे घर, दुकान, जिना व वरची खोली यांसह, माझ्यामागे पूर्ण मालकीने खारूताईचं. तोवर ते माझं, आणि मी इथून हलणार नाही. मुलांनी रविवारी जरूर जेवायला यावं. फक्त मराठीत बोलावं.

शेवटचं कलम. मी गेल्यावर थोरला इंग्रजी वर्तमानपत्रात फोटोसकट निवेदन देईल. त्याच्या सासऱ्याच्या वेळी दिलंच होतं. माझी हरकत नाही. मात्र त्यात मला एल्डरली म्हणू नये. सरळ ओल्ड म्हणावं. जुने जोडे, जुने मित्र, जुनं घर. त्या घोळक्यात मी शोभून दिसेन.

हे सगळं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे, फक्त कोटाची गोष्ट गाळली आहे.

साक्षीदार: दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: समोरच्या शिंपीणबाई (सही, "सुंदर झालंय" असंही लिहिणार होत्या, वकीलबाईंनी लिहू दिलं नाही)

ठिकाण: माझं घर
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो

डाव्या हाताचा अंगठा. रेषा पुसट आल्या आहेत त्या इस्त्रीच्या चटक्यांमुळे. अंगठा माझाच आहे.